रेल्वेने टाळलेले गाव : कॅन्ससमधील निकोडेमसचा प्रकरण अभ्यास

अमेरिकेच्या मैदानी प्रदेशात, कॅन्सस राज्याच्या वायव्य भागातील ग्रॅहम काउंटीत, सॉलोमन नदीच्या दक्षिण फाट्याजवळ निकोडेमस नावाची वस्ती आहे. २०२० च्या जनगणनेत तिथे १४ माणसे नोंदवली गेली. गृहयुद्धानंतर मिसिसिपी नदीच्या पश्चिमेला कृष्णवर्णीयांनी वसवलेल्या आणि अजून टिकून असलेल्या वस्त्यांमध्ये ही सर्वांत जुनी म्हणून ओळखली जाते. तिच्याविषयी सांगितली जाणारी गोष्ट थोडक्यात अशी : गाव भरभराटीला आले, १८८८ मध्ये रेल्वे दुसरीकडून गेली आणि गाव संपले. ही गोष्ट खोटी नाही, पण ती अर्धीच आहे. रेल्वे गेली तेव्हा निकोडेमसमधून नेमके काय गेले, काय राहिले आणि जे राहिले ते कशाच्या बळावर राहिले, एवढेच या प्रकरणात तपासायचे आहे.

वसाहतीची सुरुवात

१८७७ हे साल इथे महत्त्वाचे आहे. त्या वर्षी दक्षिणेकडील राज्यांतून उरलेसुरले संघराज्याचे सैन्य मागे घेण्यात आले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या कृष्णवर्णीयांना मिळत असलेले तोकडे राजकीय संरक्षणही संपल्यात जमा झाले. निकोडेमसचे रहिवासी आले ते केंटकी राज्यातून; तिथे सैन्य होते किंवा नव्हते हा प्रश्न गौण आहे. तिथल्या कष्टकरी कुटुंबांच्या वाट्याला दुसऱ्याच्या शेतावरची मजुरी किंवा बटाई आणि वर सततची दहशत हेच येत होते. दुसरीकडे १८६२ च्या होमस्टेड कायद्यानुसार, नाममात्र शुल्क भरून १६० एकर सरकारी जमिनीवर हक्क सांगता येत होता, आणि पाच वर्षे तिथे राहून ती कसली की ती जमीन कायमची मालकीची होत होती. जमीन पश्चिमेला होती आणि ती कसायला तयार असलेली माणसे केंटकीत होती. या दोघांची गाठ घालून देणे हा काही लोकांचा व्यवसाय बनला.

डब्ल्यू. आर. हिल हा असाच एक गोरा जमीनदलाल. त्याने आणि सहा कृष्णवर्णीयांनी एप्रिल १८७७ मध्ये निकोडेमस टाऊन कंपनी स्थापन केली. कंपनीचे अध्यक्ष डब्ल्यू. एच. स्मिथ आणि चिटणीस रेव्हरंड एस. पी. राऊंडट्री हे दोघेही कृष्णवर्णीय होते. कंपनीने छापलेले जुलै १८७७ चे पत्रक आज उपलब्ध आहे. ‘अमेरिकेतील कृष्णवर्णीय नागरिकांस’ उद्देशून काढलेल्या या पत्रकात आपण पाहिलेला हा सर्वांत सुंदर मुलूख आहे, माती काळी आणि सुपीक आहे, बांधकामाला उत्तम दगड आहे आणि हिवाळ्याआधी घरे नि दुकाने उभी राहतील, असा भरवसा दिलेला आहे. दगडाची गोष्ट खरी निघाली. त्या चुनखडीच्या इमारती अजून उभ्या आहेत. घरे आणि दुकाने यांबद्दलचा शब्द मात्र पाळला गेला नाही.

त्याच वर्षी सप्टेंबरात केंटकीतील लेक्सिंग्टनच्या परिसरातून सुमारे तीनशे माणसे एलिस या रेल्वे स्थानकावर उतरली आणि तिथून जवळपास पस्तीस मैल चालत वसाहतीच्या जागी पोहोचली. पुढच्या वसंतात आलेल्या तुकडीतील विलियाना हिकमन यांची आठवण नोंदलेली आहे. वाटेत गोवराची साथ येऊन काही मुले दगावली होती. अखेर पुरुषांनी ‘ते पाहा निकोडेमस’ म्हणून हात केला तेव्हा त्यांना गाव दिसेचना; दिसला तो फक्त जमिनीतून वर येणारा धूर. लोक जमिनीत खणलेल्या घरांत राहत होते, आणि ते पाहून आपल्याला रडू कोसळले, असे त्या सांगतात.

ही घरे कशी होती हे जरा तपशिलाने पाहायला हवे, कारण पुढच्या हिशेबाशी त्याचा संबंध आहे. झाडे नदीकाठी तेवढी थोडीफार होती, त्यामुळे लाकडी घर बांधणे बहुतेकांच्या आवाक्याबाहेरचे होते. म्हणून उताराच्या पोटात आडवी खोली खणायची, समोरची बाजू दगडांनी किंवा गवताच्या मुळ्यांसकट कापलेल्या मातीच्या विटांनी बंद करायची, वर वासे टाकून त्यावर काटक्या, गवत आणि शेवटी मातीचा थर द्यायचा, आणि मागच्या भिंतीत चूल खणून तिचे धुराडे वर काढायचे, अशी रीत होती. अशा घराला पैसा जवळपास लागत नसे, लागत असे ती केवळ अंगमेहनत. त्यांच्याकडे होतेही तेवढेच. सुरुवातीच्या काळात संपूर्ण वसाहतीत घोडे बोटांवर मोजण्याइतके होते, आणि ज्यांच्याकडे जनावर नव्हते त्यांनी कधी नांगर न लागलेले ते माळरान कुदळ-फावड्याने फोडले. पहिला हिवाळा निभावला तो बाहेरून आलेल्या मदतीवर, आणि वस्तीतील पिढ्यान्‌पिढ्यांची सांगी अशी की शिकारीहून परतणाऱ्या ओसेज या मूळनिवासी जमातीच्या लोकांनी आपल्याजवळचे मांस त्यांना वाटून दिले. काही कुटुंबे आल्या पावली परत फिरली. जी राहिली त्यांतील पुरुष मजुरीसाठी लांबलांबच्या रेल्वे कामांवर आणि शेतांवर जात आणि बायकामुले मागे राहून जमिनीवरचा हक्क राखत, कारण कायद्याला तिथे वास्तव्य हवे होते.

इथे एक खुलासा आवश्यक आहे. १८७९ मध्ये दक्षिणेतून कॅन्ससकडे कृष्णवर्णीयांचा जो मोठा लोंढा आला, त्यातच निकोडेमस गणण्याची सवय अनेकांना आहे. निकोडेमस त्याच्या दोन वर्षे आधीचे. ते संकटाने पळालेल्यांचे नव्हे, तर ठरवून, कंपनी काढून आणि पत्रक छापून वसवलेले गाव होते. त्याच १८७९ साली वसाहतीने टाऊन कंपनी मोडीत काढली आणि यापुढे आम्हाला दानधर्म नको असे जाहीर केले. या ठरावाकडे नुसत्या स्वाभिमानाच्या नजरेने पाहणे मला अपुरे वाटते. फुकटच्या धान्याच्या बातमीने आणखी निर्धन माणसे येत राहिली असती, तर आहे त्यांचेही भागले नसते, हा रोखठोक विचारही त्यामागे असणार.

सोळा हजार डॉलरांचा ठराव

१८८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत चित्र पालटले होते. मातीच्या घरांची जागा दगडी आणि लाकडी घरांनी घेतली. झॅकरी फ्लेचर यांचे सेंट फ्रान्सिस हॉटेल, किराणा-भुसाराची दुकाने, बँक, शाळा, चर्च असा पसारा उभा राहिला, आणि दुकानदारांत काळे-गोरे दोन्ही होते. १८८६ मध्ये ‘वेस्टर्न सायक्लोन’ आणि १८८७ मध्ये ‘निकोडेमस एंटरप्राइझ’ अशी दोन साप्ताहिके एवढ्याशा गावातून निघू लागली. १८७८ मध्ये येथे आलेले एडवर्ड मॅकेब १८८२ मध्ये कॅन्सस राज्याचे ऑडिटर म्हणून निवडून आले. उत्तरेकडील राज्यांत राज्यस्तरीय पदावर निवडून आलेल्या पहिल्या कृष्णवर्णीयांत त्यांची गणना होते. आठ-दहा वर्षांपूर्वी जमिनीखाली राहणाऱ्या वस्तीने गाठलेली ही मजल होती.

आता उणीव होती ती रेल्वेची. ही उणीव किती मोठी होती हे शेतकऱ्याच्या बाजूने पाहावे. गहू बाजाराच्या भावाने विकला जाई, पण शेतकऱ्याच्या हाती येई तो भाव वाहतूक खर्च वजा जाता उरलेला. स्थानक जितके दूर, तितके दिवस गाडी, जनावरे आणि माणूस रस्त्यावर. दुकानदाराचे गणित याच्या उलट दिशेने तेच होते. त्याचा प्रत्येक खिळा, प्रत्येक गोणी दूरच्या स्थानकावरून गाडीने आणावी लागे, आणि स्थानकाशेजारच्या दुकानदाराशी त्याला भावात टक्कर देता येणे शक्य नव्हते.

रेल्वे आणण्याची त्या काळी एक रूढ पद्धत होती. रेल्वे कंपनी गावागावांना कळवी की आमचा मार्ग तुमच्याकडून नेण्याचा विचार आहे, तुम्ही काय देता? मग टाऊनशिपचे, म्हणजे काउंटीतील छोट्या स्थानिक प्रशासकीय घटकाचे, मतदार कर्जरोखे काढण्याचा ठराव मंजूर करत. रूळ ठरलेल्या ठिकाणी पोहोचले की ते रोखे कंपनीला मिळत आणि टाऊनशिप पुढची कित्येक वर्षे करातून त्यांची फेड करत राही. १८८७ मध्ये निकोडेमस टाऊनशिपने मिसुरी पॅसिफिक कंपनीसाठी १६,००० डॉलरच्या रोख्यांना मंजुरी दिली. त्या काळच्या मानाने आणि विशेषतः दहा वर्षांपूर्वी रिकाम्या हाताने आलेल्यांच्या मानाने ही रक्कम लहान नव्हती. सांता फे कंपनीच्या नावाचीही चर्चा होती. साप्ताहिकांतून रेल्वे आता आलीच अशा थाटात मजकूर येत होता, दुकानांचे नवे बेत आखले जात होते.

मिसुरी पॅसिफिक आली नाही. सांता फेही आली नाही. १८८८ मध्ये युनियन पॅसिफिकने रूळ टाकले, पण नदीच्या दक्षिणेकडून. काही मैलांवरच्या त्यांच्या कामगार तळाचे पुढे बोग नावाचे गाव झाले. निकोडेमसच्या बहुतेक व्यापाऱ्यांनी दुकाने उचलली आणि बोगला नेली. काही जणांनी तर इमारतीच हलवल्या. ‘सायक्लोन’ त्याच वर्षी बंद पडले.

दोष कोणाचा

गावाने कमी पैसे देऊ केले म्हणून रेल्वे गेली, असे म्हणायला आधार नाही. रोख्यांचा ठराव एका कंपनीसाठी होता आणि रूळ टाकले दुसरीने. शिवाय रेल्वे कंपन्यांचे उत्पन्न केवळ भाड्याचे नव्हते. मोकळ्या जागी स्थानक काढले की भोवतालचे भूखंड विकून पैसा मिळे. आधीच वसलेल्या गावात भूखंड दुसऱ्यांचे असत. त्यामुळे तयार गाव टाळून चार मैल पलीकडे नवे गाव काढणे हे कंपनीच्या हिशेबाला अनेकदा फायद्याचे ठरे, आणि या कारणाने मोडलेली गोऱ्यांची गावे मैदानी प्रदेशात पुष्कळ आहेत.

वंशभेदाचा हात होता का, हा प्रश्न स्वाभाविक आहे. तो काळ पाहता तशी शंका घेणाऱ्याला दोष देता येत नाही. परंतु रेल्वेच्या निर्णयापुरते बोलायचे तर व्यापारी कारण एकटेही पुरेसे आहे. वंशभेदाचे परिणाम मला अधिक स्पष्ट दिसतात ते अन्यत्र : कर्ज कोणाला किती सहज मिळते, वाईट हंगामात कोणाला सांभाळून घेतले जाते आणि काउंटीची सत्ता कोणाकडे जाते, अशा रोजच्या गोष्टींत. निकोडेमसचा दलाल हिल याने नंतर आपले सगळे वजन हिल सिटी या स्वतःच्या नावाच्या गावामागे लावले आणि काउंटीचे मुख्य ठिकाण १८८८ मध्ये तिथेच गेले. म्हणजे एकाच वर्षी निकोडेमसबाहेर एका गावात स्थानक आणि दुसऱ्या गावात कचेरी उभी राहिली. या दुसऱ्या घटनेकडे रेल्वेच्या गोष्टीपुढे फारसे कोणी लक्ष देत नाही; वास्तविक कोर्ट, नोंदणी आणि कर भरणा यांच्यासाठी होणारी लोकांची ये-जा हीच पुष्कळ छोट्या गावांची खरी मिळकत असते.

कोण गेले, कोण राहिले

या प्रकरणातील माझ्या मते सर्वांत उद्बोधक भाग इथे आहे. १८८८ मध्ये गेले ते प्रामुख्याने व्यापारी. शेतकरी राहिले. याचे कारण भावनेत शोधण्याआधी मालमत्तेत शोधले पाहिजे. व्यापाऱ्याचे भांडवल म्हणजे माल, उधारीची वही आणि फार तर एक लाकडी इमारत. हे सगळे हलवता येते, आणि गिऱ्हाइकाच्या वाटेवर हलवणे हेच शहाणपणाचे असते. शेतकऱ्याचे भांडवल म्हणजे १६० एकर जमीन. १८७७-७८ मध्ये हक्क सांगितलेल्यांची पाच वर्षे १८८८ च्या बरीच आधी भरली होती, म्हणजे रेल्वेने पाठ फिरवली तेव्हा टिकून राहिलेल्या कुटुंबांपैकी अनेकांच्या हातात सरकारी मालकीपत्र होते. रेल्वे आणखी दहा वर्षे आधी येऊन अशीच पलीकडून गेली असती, तर मालकी न झालेली ही माणसे कदाचित पांगली असती. रेल्वे उशिरा चुकली, हे एका अर्थी त्यांच्या पथ्यावर पडले. शिवाय शेतकऱ्याच्या दृष्टीने रेल्वे आलीच होती. ती दारात नव्हती, पण बोगचे स्थानक एलिसपेक्षा कितीतरी जवळ होते. जी घटना गावाच्या बाजारपेठेला मारक ठरली, तीच आसपासच्या गव्हाला उपकारक ठरली. गाव आणि गावकरी यांचे हित नेहमी एकच असते, हे गृहीत धरून चालणाऱ्यांनी हा मुद्दा लक्षात घ्यावा.

राहिलेल्यांनी नंतर जे बांधले तेही याला दुजोरा देते. पहिल्या बाप्टिस्ट चर्चची दगडी इमारत १९०७ ची आहे आणि शाळेची इमारत १९१८ ची. म्हणजे ज्याला ‘संपलेले’ म्हणतात त्या गावाने आपल्या सर्वांत महत्त्वाच्या इमारतींपैकी दोन तथाकथित शेवटानंतर वीस आणि तीस वर्षांनी उभ्या केल्या.

खरी गळती पुढची आहे. १९२० च्या दशकात शेतमालाचे भाव कोसळले, १९३० च्या दशकात अवर्षण आणि धुळीची वादळे आली. मुळात शंभराव्या रेखांशाजवळच्या या पट्ट्यात पाऊस कधी गव्हापुरता पडतो, कधी पडत नाही. पूर्वेकडील ओलसर प्रदेश डोळ्यापुढे ठेवून ठरवलेले १६० एकरांचे माप इथे एका कुटुंबाला धड पुरत नाही, आणि ट्रॅक्टर आल्यावर तर मुळीच नाही. शेजारच्याची जमीन घेऊन मोठे होणे किंवा आपली विकून निघणे, एवढेच पर्याय उरले. ज्याला कर्ज मिळाले तो मोठा झाला. कृष्णवर्णीय शेतकऱ्यांना देशभरच कर्ज आणि सरकारी मदत यांत डावलले गेले, हे पुढे सरकारविरुद्धच्या पिगफर्ड खटल्यातून आणि त्यातील १९९९ च्या तडजोडीतून जगजाहीर झाले. तरुण माणसे डेन्व्हर आणि इतर शहरांकडे गेली. याच ओसरत्या काळात, १९३९ मध्ये, सरकारी रोजगार योजनेतून गावात दगडी टाऊनशिप हॉल बांधला गेला, आणि तोच आज गावाचा सर्वाधिक वापरातला वास्तू आहे. माणसे कमी होत असताना सभागृह बांधण्याचा निर्णय तेव्हा कोणाला उधळपट्टी वाटला असल्यास नवल नाही. १९५३ मध्ये टपाल कचेरी बंद झाली.

तुलनेसाठी बोगकडे पाहावे. ज्या गावाने निकोडेमसचे स्थानक, दुकाने आणि गिऱ्हाईक घेतले, त्याची लोकसंख्या आज दीडशेच्या आसपास आहे. सगळी ग्रॅहम काउंटी मिळून अडीच हजार माणसे भरत नाहीत, आणि १९१० च्या सुमारास हाच आकडा साडेआठ हजारांच्या घरात होता. रेल्वे मिळाली असती तर निकोडेमस मोठे शहर झाले असते, असे मानणाऱ्यांना बोग हे उत्तर आहे. रेल्वेने फार तर काही दशकांची भरभराट दिली असती. यंत्राने आणि पावसाने तीही परत घेतली असती.

ऑगस्टची पहिली तारीख

मग चौदा माणसांच्या वस्तीला ‘टिकलेली’ का म्हणायचे? याचे उत्तर जनगणनेच्या पद्धतीत सापडत नाही, कारण जनगणना एका ठरावीक तारखेला कोण नेहमी कुठे राहतो हे मोजते. ब्रिटिश वेस्ट इंडीजमधील गुलामगिरी १ ऑगस्ट १८३४ रोजी रद्द झाली होती आणि केंटकीतील कृष्णवर्णीय तो दिवस मुक्तिदिन म्हणून पाळत असत. स्थलांतर करणाऱ्यांनी तो सोबत आणला. आरंभीच्या वर्षांपासून निकोडेमसमध्ये या तारखेच्या सुमारास मेळावा भरू लागला. जेवणावळी, भाषणे, बेसबॉलचे सामने आणि आसपासच्या गावांतून येणारी माणसे असे त्याचे स्वरूप होते. गावातील माणसे शहरांत गेली तसतसा त्या मेळाव्याचा अर्थ बदलला. आता तो जुलैच्या अखेरीस भरणारा माहेरपणाचा सोहळा आहे : देशभर पांगलेले वंशज मुलाबाळांसह येतात, आणि चौदाचे गाव काही दिवस शेकड्यांचे होते. त्यांच्यापैकी अनेकांचा तिथे कधीही जन्म झालेला नाही किंवा निवास झालेला नाही, तरी ते स्वतःला निकोडेमसचेच म्हणवतात.

या मेळाव्याचे व्यावहारिक मूल्य त्याच्या भावनिक मूल्याइतकेच आहे. वंशजांचे जाळे जिवंत होते म्हणूनच नोंदी, छायाचित्रे, पत्रे आणि आठवणी वेळीच गोळा झाल्या आणि गावाने आपली इतिहास संस्था चालवली. १९७६ मध्ये निकोडेमसला राष्ट्रीय पातळीवरील ऐतिहासिक स्थळाचा दर्जा पहिल्यांदा मिळाला आणि नोव्हेंबर १९९६ मध्ये ते राष्ट्रीय उद्यान सेवेच्या अखत्यारीत आले. चर्च दोन, हॉटेल, शाळा आणि टाऊनशिप हॉल अशा पाच इमारती त्यात येतात. यात सगळेच सुरळीत झाले असे नाही. ऐतिहासिक दर्जा इमारतींची डागडुजी करून देतो, फलक लावतो, पर्यटक आणतो. परंतु दर्जामुळे शेत परवडत नाही आणि टपाल कचेरी परत उघडत नाही. सरकारी खात्याच्या मोजक्या नोकऱ्या वगळल्या तर वस्तीत कायम राहण्यासाठी आर्थिक कारण फारसे नाही, आणि मेळाव्याला येणारी पुढची पिढी तिथे घर बांधेल अशी अपेक्षा धरण्यासारखी परिस्थितीही नाही. भोवतालच्या जमिनीपैकी काही अजून मूळ कुटुंबांच्या वंशजांच्या नावावर आहे. ती विकायची, खंडाने द्यायची की स्वतः कसायची, हा निर्णय आता प्रत्येक कुटुंब आपापल्या शहरात बसून घेते, आणि वस्तीच्या पुढच्या पन्नास वर्षांच्या दृष्टीने १८८७ च्या रोख्यांच्या ठरावापेक्षा त्या निर्णयांचे वजन अधिक आहे.